देखभाल विभागातला इंजिनिअर : गुनपेई योकोई



स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचा जीवनपट लिहून दे, असा समितीचा निरोप आला. त्यांच्या मनात बहुधा रामन किंवा विश्वेश्वरय्या असावेत. इंजिनिअर झालेल्या वर्गमैत्रिणीकडून दुसरं काय मागणार? पण मी ज्या माणसाबद्दल लिहिते आहे, त्याचं नाव आपल्या शाळेच्या फळ्यावर कधी लिहिलं गेलं नाही. जगभरचे खेळणारे त्याला मानतात. आपल्या वर्गातल्या निम्म्याअधिक पोरांनी त्याच्या कल्पनेतली वस्तू तासन्‌तास हाताळली आहे, फक्त ती कुणाची हे आपल्याला ठाऊक नव्हतं. गुनपेई योकोई हे ते नाव.

आधी १९९४ सालचं आपलं घाटंजी आठवा. कापसाच्या हंगामात बैलगाड्यांची रांग, वेळी-अवेळी जाणारी वीज, आणि बाजारातल्या एका गाळ्यात अर्धं शटर ओढून चालणारा व्हिडिओ गेमचा धंदा. आत दोन टीव्ही, दोन बाकं, तासाला पाच रुपये. कंट्रोलरला सगळे रिमोट म्हणत. कॅसेटमध्ये तोंडानं फुंकर मारल्याशिवाय गेम सुरू होत नाही, यावर पोरांची गाढ श्रद्धा होती. मारिओ, काँट्रा, टँक आणि बंदुकीनं बदकं मारायचा खेळ, एवढं भांडवल. मध्येच वीज गेली की उरलेली मिनिटं मालक वहीत लिहून ठेवी, आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी भांडणं होत. यवतमाळला जाऊन आलेली पोरं तिथल्या नाणं टाकून खेळायच्या उभ्या यंत्रांच्या गोष्टी सांगत. त्यातल्या पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नकला मधल्या सुट्टीत मैदानावर होत.

त्या शटरच्या आत मुली जात नसत. तशी पाटी नव्हती, तिची गरजही नव्हती. सातवीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी भावाच्या मागोमाग एकदाच आत गेले. रिमोट हातात घेऊन मारिओची एक उडी मारली, ती थेट खड्ड्यात गेली. संध्याकाळी कुणीतरी घरी येऊन बाबांना सांगून गेलं आणि तो विषय तिथेच संपला. भाऊ जात राहिला. मी शिकवणीहून परत येताना त्या शटरखालून येणारं संगीत ऐकत पुढे जायचे.

नववीत मामानं नागपूरच्या सीताबर्डीतून ब्रिक गेम आणला. राखाडी पडदा, काळे चौकोन, पेन्सिल सेलवर चालणारा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे तो होता. त्याला शटर नव्हतं, त्यामुळे तो मला खेळता आला. पडद्याला स्वतःचा उजेड नसे, म्हणून वीज गेली की मी तो कंदिलाजवळ तिरपा धरून खेळायचे.

पुढे इंजिनिअरिंग झालं, पुण्यात नोकरी लागली. तिथे कामाच्याच निमित्तानं योकोईंबद्दल वाचलं आणि कळलं, की त्या गाळ्यातल्या रिमोटवरचं अधिकच्या चिन्हाचं बटण, बदकं मारायची बंदूक आणि माझ्या हातातल्या ब्रिक गेमचे पूर्वज यांचे धागे एकाच माणसापर्यंत जातात. आणि तो माणूस कंपनीत लागला होता, तो यंत्रांची देखभाल करायला.

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी जपानमधल्या क्योटो शहरात झाला. तिथल्याच डोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ मध्ये ते आपल्याच गावातल्या निन्टेन्डो या कंपनीत लागले. तेव्हाची निन्टेन्डो म्हणजे व्हिडिओ गेमची कंपनी नव्हे. १८८९ मध्ये सुरू झालेला तो पत्त्यांचा कारखाना होता. फुलांची चित्रं असलेले हानाफुदा नावाचे जपानी पत्ते तिथे तयार होत. आपल्याकडे सावंतवाडीला हातानं रंगवलेला गंजिफा होतो, त्याच कुळातला हा व्यवसाय, पुढे यंत्रांवर गेलेला. ती यंत्रं बंद पडू नयेत हे पाहणं, एवढंच योकोईंचं काम. यंत्रं नीट चालत असली की हाताला काम नसे.

त्या रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक लाकडी खेळणं केलं. फुल्या-फुल्यांची जाळी, मिटली की आखूड, दाबली की लांब होणारी, आणि टोकाला चिमटा. दूरची वस्तू बसल्या जागेवरून उचलायची. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी ते कारखान्यात पाहिलं आणि योकोईंना बोलावून घेतलं. यामाउची करडे गृहस्थ होते. कामाच्या वेळेत खेळत बसल्याबद्दल आता बोलणी खावी लागणार, अशीच योकोईंची समजूत होती. अध्यक्षांनी त्यांना सांगितलं, की याचं विकता येईल असं खेळणं करा. अल्ट्रा हँड या नावानं ते बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. पत्त्यांचा कारखाना खेळण्यांकडे वळला, आणि देखभालीचा माणूस नवी खेळणी शोधायच्या कामावर बसला.

इथे मला आपल्या प्रयोगशाळेतले काका आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांच्याबद्दल शेवटी लिहिते.

१९६९ मध्ये योकोईंनी लव्ह टेस्टर आणला. दोघांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातांत एकेक धातूची मूठ घ्यायची, आणि दोघांच्या शरीरातून जाणारा किंचितसा विद्युतप्रवाह काट्यावर प्रेम म्हणून मोजला जायचा. आतमध्ये साधा विद्युतप्रवाहमापक. आपण बारावीला प्रयोगशाळेत ज्याचा काटा हलेना म्हणून रडकुंडीला आलो होतो, तोच. मुलींचा हात धरायला निमित्त मिळावं म्हणून आपण हे केलं, असं ते पुढे मोकळेपणानं सांगत. आपल्या वर्गात असं यंत्र आलं असतं तर मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर केवढी रांग लागली असती, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

पुढच्याच वर्षी बंदूक आली. शार्प कंपनीतले मासायुकी उएमुरा प्रकाशावर चालणारे घट विकायला निन्टेन्डोत येत. योकोईंनी ते घट नेमबाजीच्या लक्ष्यात बसवले. बंदुकीतून प्रकाशाचा झोत सुटायचा, तो घटावर पडला की लक्ष्य उडून पडायचं. या खेळण्याचा मोठा अवतार १९७३ मध्ये झाला. जपानमध्ये बोलिंगची लाट ओसरली होती आणि मोठमोठी सभागृहं ओस पडली होती. त्यांत निन्टेन्डोनं प्रकाशाच्या बंदुकांची नेमबाजी केंद्रं उघडली. लोकांनी गर्दी केली, पण त्याच वर्षी तेलाचं जागतिक संकट आलं, मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. मग तीच कल्पना लहान करून नाणं टाकायच्या यंत्रांत आणली. १९७४ च्या वाइल्ड गनमॅनमध्ये तर खऱ्या चित्रफितीतला काउबॉय पडद्यावरून बंदूक रोखायचा. १९७६ मध्ये घरच्या भिंतीवर बदकांची सावली पाडून तिच्यावर नेम धरायचं खेळणं निघालं. आपल्या गाळ्यातला बदकांचा खेळ त्याचाच टीव्हीवरचा अवतार. त्यात फक्त दिशा उलटी झाली होती. प्रकाश टीव्हीतून यायचा आणि बंदुकीतला घट तो टिपायचा. बंदूक थेट टीव्हीच्या काचेला टेकवून शंभर टक्के नेम लावणारे आपले वीर आठवतात ना? त्यांच्यातले एक आज तालुक्यातले प्रतिष्ठित गृहस्थ आहेत, म्हणून नाव लिहीत नाही.

गेम अँड वॉचची कथा आगगाडीत सुरू होते. शिन्कान्सेनमध्ये एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला योकोईंनी पाहिला. मोठ्या माणसाला चारचौघांत खेळायची लाज वाटते, तेव्हा तळहातात लपेल एवढं खेळणं हवं, असं त्यांच्या मनात आलं. पुढे एकदा अध्यक्षांचा चालक आला नव्हता म्हणून मोटार चालवायची पाळी योकोईंवर आली. गप्प कसं बसायचं म्हणून त्यांनी वाटेत ही कल्पना बोलून टाकली. यामाउचींनी फारसं उत्तर दिलं नाही, पण त्याच दिवशी बैठकीत ते शार्पच्या प्रमुखांशेजारी बसले होते. थोड्याच दिवसांत शार्पची माणसं निन्टेन्डोत हजर झाली. कॅल्क्युलेटरची बाजारपेठ भरून गेली होती, आणि त्यांना आपल्या पडद्यांसाठी नवं गिऱ्हाईक हवंच होतं.

१९८० मध्ये पहिला गेम अँड वॉच निघाला. एक खेळ, खेळत नसाल तेव्हा घड्याळ, आणि आत गोल चपटे सेल. पुढच्या अकरा वर्षांत या मालिकेचे ४ कोटी ३४ लाख संच खपले.

१९८१ मध्ये अमेरिकेत निन्टेन्डोची फजिती झाली. रडार स्कोप नावाच्या खेळाची सुमारे दोन हजार उभी यंत्रं न खपता गोदामात पडली होती. त्यांच्यासाठी नवा खेळ रचायचं काम शिगेरू मियामोतो नावाच्या तरुण चित्रकाराला मिळालं, आणि त्याच्यावर देखरेख ठेवायला योकोई. त्यातून डाँकी काँग जन्मला. पिंपं फेकणारं माकड आणि त्याच्यावरून उड्या मारणारा छोटा सुतार. हाच सुतार पुढे मारिओ झाला. उंचावरून पडला की तो मरायचा. दोन वर्षांनी मारिओ ब्रदर्सचं यंत्र तयार होत असताना योकोईंनी सुचवलं, की त्याला कितीही उंचावरून पडू द्या, काही होऊ देऊ नका. मियामोतोंना ते आधी पटलं नाही. मग पटलं. मारिओ त्यांचा, हे जग जाणतं. गच्चीएवढ्या उंचीवरून पडूनही तो टुणकन उठून पळतो, त्यामागे मात्र योकोईंचं डोकं आहे.

आणि ते बटण. १९८२ मध्ये डाँकी काँग घडीच्या गेम अँड वॉचमध्ये बसवायचा होता. उभ्या यंत्राला दांडी असते. खिशातल्या घडीच्या डबीतून ती वर आली तर डबी मिटणार कशी? चार वेगळी बटणं दिली तर प्रत्येक वेळी खाली पाहून अंगठा उचलावा लागणार. योकोईंनी चारही दिशा एकाच सपाट अधिकच्या चिन्हात जोडल्या आणि मध्यभागी खालून एक टेकू दिला. एक बाजू दाबली की समोरची आपोआप वर उचलली जाते, त्यामुळे डावं-उजवं एकदम दाबलं जात नाही, आणि न पाहता अंगठ्याला कळतं आपण कुठे आहोत. पुढच्या वर्षी निन्टेन्डोचा घरगुती संच फॅमिकॉम आला. तो तयार केला उएमुरांनी, तेच घट विकायला येणारे, आता निन्टेन्डोचे झालेले. त्याच्या रिमोटवर हे बटण बसलं. त्या संचाच्या असंख्य नकला झाल्या आणि त्यांतलीच एक कुठून कुठून फिरत आपल्या बाजारातल्या गाळ्यात येऊन पोचली.

योकोईंचा एक सिद्धान्त होता. त्यांचा जपानी शब्द आहे सुकलेलं तंत्रज्ञान. मला मराठीत त्याला मुरलेलं म्हणावंसं वाटतं, लोणच्यासारखं. जे तंत्रज्ञान जुनं झालं, ज्याचे सगळे दोष कळले, जे स्वस्त झालं आणि सगळीकडे मिळतं, ते घ्यायचं आणि त्याचा कुणाला न सुचलेला वापर करायचा. १९८९ चा गेम बॉय हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. प्रतिस्पर्धी रंगीत, प्रकाशमान पडदे घेऊन आले. ती यंत्रं सहा सेल चार-पाच तासांत संपवत. गेम बॉयचा पडदा हिरवट, बिनरंगाचा, बिनउजेडाचा. पण चार सेलवर तो दहा तासांहून जास्त चालायचा, किमतीला परवडायचा आणि हातातून पडला तरी फुटत नसे. याचं सगळं श्रेय एकट्या योकोईंचं नव्हे. कॅसेट बदलता आलीच पाहिजे हा आग्रह त्यांचे सहकारी सातोरू ओकादा यांचा. आणि सोबत मिळालेला टेट्रिस हा खेळ मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजित्नोव यांचा. त्याचीच नक्कल आपला ब्रिक गेम. गेम बॉय आणि त्याचा पुढचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त खपले.

हे वाचताना मला माझीच चूक आठवली. काही वर्षांपूर्वी आमच्या टीमनं शेतकऱ्यांसाठी ॲप केलं. सगळं अद्ययावत हवं हा हट्ट माझा होता. पुण्यातल्या कार्यालयात ते झकास चालायचं. दिवाळीत घाटंजीला आले आणि काकांच्या जुन्या फोनवर लावून पाहिलं, तर ते उघडेचना. वाघाडीच्या काठी वाढलेल्या मुलीला हे आधी कळायला हवं होतं. शेवटी तीच माहिती आम्ही साध्या एसएमएसनं पाठवली आणि लोक ती वाचू लागले. योकोईंना जे माहीत होतं, ते मी आपल्याच गावात शिकून विसरले होते.

योकोईंचंही एकदा चुकलं. १९९५ चा व्हर्च्युअल बॉय. डोळे एका टेबलावरच्या डब्याला लावायचे आणि आतमध्ये लाल रेषांचं खोली असलेलं चित्र पाहायचं. ते धड घरातलं यंत्र नव्हतं, धड खिशातलं नव्हतं. मान आणि डोळे दुखायचे. आठ लाखसुद्धा खपले नाहीत आणि वर्षभरात ते बंद झालं. योकोई लगेच गेले नाहीत. गेम बॉयची छोटी, सुधारलेली आवृत्ती पूर्ण करून, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर १५ ऑगस्ट १९९६ रोजी त्यांनी निन्टेन्डो सोडली. अपयशामुळे घालवलं अशी चर्चा झाली. आपल्याला पूर्वीपासूनच स्वतंत्रपणे काम करायचं होतं, असं त्यांचं म्हणणं होतं. क्योटोतच त्यांनी कोतो नावाची छोटी कंपनी काढली आणि दुसऱ्या एका खेळणी कंपनीसाठी वंडरस्वान या नव्या हातातल्या यंत्राचं काम हाती घेतलं. हे यंत्र एका सेलवर चालणार होतं.

४ ऑक्टोबर १९९७. शनिवार होता. आपण दहावीत होतो, नवरात्र सुरू होतं, सकाळची शाळा होती. त्या दिवशी जपानच्या इशिकावा प्रांतातल्या द्रुतगती मार्गावर योकोई ज्या मोटारीत होते, ती पुढच्या ट्रकला धडकली. किती नुकसान झालं ते पाहायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीनं त्यांना उडवलं. छप्पन्नाव्या वर्षी ते गेले. १९९९ मध्ये वंडरस्वान बाजारात आला, खरोखरच एका सेलवर चालणारा. त्याच्यासोबत आलेल्या कोड्याच्या खेळाला त्यांचंच नाव दिलं होतं.

आता आपले काका.

दहावीतच माझ्या ब्रिक गेमचं डावं बटण बंद पडलं. घरी सांगायची सोय नव्हती, अभ्यासाचं वर्ष. मधल्या सुट्टीत मी तो प्रयोगशाळेत नेला. काका परीक्षानळ्या धूत होते. शाळेची घंटा, पंखे, ध्वनिक्षेपक, सरांच्या स्कूटरचा प्लग, सगळं त्यांच्याच हातून दुरुस्त होई, आणि हुद्दा परिचर. त्यांनी मला रागावलं नाही. हात पुसले, छोट्या पेचकसानं मागचे स्क्रू काढले आणि डबी टेबलावर उघडून ठेवली. बटणांखाली रबराचं पातळ अंथरूण, त्यावर काळे कार्बनचे ठिपके, आणि हिरव्या पट्टीवर डांबरासारखा एक गोळा. त्याच्यात मेंदू आहे, बाकी सगळे हातपाय, असं त्यांनी समजावलं. कापसाला स्पिरिट लावून त्यांनी ठिपके पुसले, मग कापूस माझ्या हातात दिला आणि उरलेले मला पुसायला लावले. बटण चालू झालं. यंत्राच्या आत मी पाहिलं ते तेव्हा पहिल्यांदा. त्या आधी मला फक्त शटर माहीत होतं.

काकांनी रिकाम्या वेळात काय काय करून ठेवलं होतं, ते तुम्हालाही आठवेल. सायकलच्या डायनामोवर पेटणारा दिव्यांचा हार, दप्तराच्या जुन्या पट्ट्यांनी फिरणारी सूर्यमाला. विज्ञान प्रदर्शनात ती आपल्या नावांवर लागली आणि बक्षिसं आपण घेतली. कारखान्यात रिकाम्या वेळी खेळणं करणाऱ्या माणसाला बोलावून घेणारे यामाउची क्योटोत होते. काकांना तसं कुणी बोलावलं नाही, आणि आपल्यालाही ते सुचलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेल्याचं मला गावाकडून कळलं, तेही महिन्याभरानं.

मेळाव्याच्या सत्काराची यादी समितीनं मला पाठवली आहे. त्यात आपले सगळे सर आणि बाई आहेत, आणि त्या असायलाच हव्यात. काकांचं नाव नाही, कारण ते शिक्षक नव्हते. त्यांच्या पत्नी अजून गावातच असतात. समितीला माझी एवढीच विनंती आहे, की यादी छापायला जाण्याआधी त्यात एक ओळ वाढवा. त्यांना घरून आणायला मी स्वतः जाईन.